समाजहिताची गुंतवणूक : दोन खतावण्यांचा हिशेब

नर्मदेचे पाणी इंदूर नगरीत आले ते १९७८ साली. त्यापूर्वी आठ वर्षे, १९७० मध्ये, या पाण्यासाठी नगरवासीयांनी मोठे आंदोलन उभारले होते. नर्मदा इंदूरच्या कुशीतून वाहत नाही. ती माळव्याच्या पठाराखाली, विंध्य पर्वताच्या पलीकडे, निमाडातून वाहते. खरगोन जिल्ह्यातील जलूद या गावी नदीचे पाणी उचलावयाचे, पंपांच्या साहाय्याने ते शेकडो मीटर वर चढवावयाचे आणि सुमारे सत्तर-ऐंशी किलोमीटरची वाट नळांतून तोडून ते शहरात आणावयाचे, अशी ही योजना आहे. अहिल्यादेवींच्या महेश्वरपासून फार दूर नसलेल्या या ठिकाणी नदी पाणी मुक्तहस्ते देते. मात्र ते वर चढविणारी वीज विकत घ्यावी लागते. या विजेपोटी महानगरपालिकेला दरमहा सुमारे २५ कोटी रुपये मोजावे लागत असल्याचे २०२३ च्या सुमारास सांगण्यात येत होते.

हा भार हलका करण्यासाठी जलूद येथेच ६० मेगावॉट क्षमतेचे सौर विद्युत केंद्र उभारण्याचे महानगरपालिकेने ठरविले आणि त्यासाठी लागणाऱ्या पैशाकरिता फेब्रुवारी १९२३ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या फेब्रुवारी २०२३ मध्ये एक वेगळाच मार्ग चोखाळला. संस्थानी काळात अशा कामासाठी दरबाराच्या खजिन्याकडे पाहिले जाई; या वेळी महानगरपालिकेने थेट सामान्य बचतदारापुढे हात पसरला. तिने २४४ कोटी रुपयांचे 'हरित रोखे' सर्वांसाठी विक्रीस काढले. मूळ मागणी १२२ कोटींची होती आणि प्रतिसाद चांगला मिळाल्यास तितकीच रक्कम आणखी स्वीकारण्याची मुभा ठेवण्यात आली होती. प्रत्यक्षात ७२० कोटींहून अधिक रकमेचे अर्ज आले. महानगरपालिकेने हरित रोख्यांची अशी खुली विक्री करण्याचा देशातील हा पहिलाच प्रसंग होता. किमान अर्ज दहा हजार रुपयांचा असल्यामुळे सेवानिवृत्त शिक्षक किंवा छोटा दुकानदार यांनाही त्यात भाग घेता येत होता.

याच्या एक वर्ष आधी वडोदरा महानगरपालिकेनेही १०० कोटी रुपयांचे रोखे काढले होते. पण त्यांची विक्री संस्थात्मक गुंतवणूकदारांपुरती होती. इंदूरच्या रोख्यांनी हा व्यवहार घरगुती बचतीच्या उंबरठ्यापर्यंत आणला. म्हणूनच समाजहितासाठी बचत गुंतवू इच्छिणाऱ्या वाचकाने अभ्यासाचा आरंभ याच उदाहरणापासून करणे सोयीचे ठरेल.

संज्ञेचा अर्थ

ज्या गुंतवणुकीतून मुद्दल परत मिळावे, त्यावर काही परतावाही मिळावा आणि त्याच वेळी समाजाचे वा पर्यावरणाचे काही निश्चित, मोजता येण्यासारखे हित साधावे, अशा गुंतवणुकीला अलीकडे 'इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग' असे नाव मिळाले आहे. हे नाव २००७ मध्ये इटलीतील बेलाजिओ येथे रॉकफेलर फाउंडेशनने भरविलेल्या बैठकीतून रूढ झाले. मराठीत त्यास 'समाजहिताची गुंतवणूक' म्हणता येईल. व्याख्येत तीन गोष्टी येतात. हित साधण्याचा हेतू आरंभापासून असावा, परतावा अपेक्षित असावा आणि साधलेले हित मोजले जावे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी सहज आढळतात. तिसरी आढळणे कठीण, आणि प्रस्तुत लेखाचा भर तिच्यावरच आहे.

दान आणि अशी गुंतवणूक यांतील भेद आरंभीच स्पष्ट करून घ्यावा. दान दिलेला पैसा परत येत नाही. देणारा तो परत मागत नाही आणि त्याने तो मनातही मागू नये. गुंतविलेला पैसा मात्र परत यावयाचा असतो. ज्या घरी हा भेद पुसट राहतो, तेथे पुढे दोन्ही बाजूंनी मनस्ताप होतो. संस्था बुडाली म्हणजे 'चांगल्या कामाला दिले होते' असे म्हणून बचतदार स्वतःची समजूत घालतो, किंवा ज्या कामातून परतावा निघणे शक्यच नव्हते त्या कामाकडे तो व्याजाचा तगादा लावतो.

दुकानदार रोजचे व्यवहार कीर्दीत लिहितो आणि खात्यावार खतावणीत चढवितो. समाजहिताच्या गुंतवणुकीला दोन खतावण्या लागतात. एकीत पैशाचा हिशेब असतो, दुसरीत समाजाला झालेल्या लाभाचा. पहिली खतावणी कायद्याच्या धाकाने बहुधा लिहिली जाते. दुसरी कोरी राहिली तरी कोणी विचारीत नाही.

पहिली खतावणी : दहा हजार रुपयांचे काय होते

इंदूरच्या रोख्यांवर द.सा.द.शे. ८.२५ दराने व्याज असून ते दर सहामाहीस देण्याची अट आहे. त्या वेळी मोठ्या सरकारी बँकांच्या सामान्य मुदत ठेवींवर मिळणाऱ्या व्याजापेक्षा हा दर बराच अधिक होता. दोन पतमापन संस्थांनी या रोख्यांना 'डबल ए' श्रेणीतील मानांकन दिले होते. एक हजार रुपयांचा प्रत्येक रोखा अडीचशे रुपयांच्या चार भागांचा असून हे भाग अनुक्रमे तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांनी परतफेडीस पात्र होतात.

याचा घरगुती हिशेब मांडून पाहणे उद्बोधक आहे. दहा हजार रुपये गुंतविणाऱ्यास पहिली तीन वर्षे वार्षिक ८२५ रुपये व्याज मिळते. तिसऱ्या वर्षाअखेर २,५०० रुपये मुद्दल परत येते आणि पुढील दोन वर्षे उरलेल्या ७,५०० रुपयांवर वार्षिक ६१८ रुपये ७५ पैसे मिळतात. पाचव्या वर्षी आणखी २,५०० रुपये परत आल्यावर दोन वर्षे ४१२ रुपये ५० पैसे, आणि सातव्या वर्षानंतरची दोन वर्षे २०६ रुपये २५ पैसे. नऊ वर्षांत एकूण व्याज ४,९५० रुपये होते. जो बचतदार 'नऊ वर्षे ८२५ रुपये' असे मनाशी धरून बसेल, त्याची चौथ्या वर्षी निराशा होईल. वस्तुतः ती रोख्यांची लबाडी नसून वाचनातील चूक असेल. व्याजावर आयकर लागू होतो, हेही विसरू नये.

या व्यवहाराची सुरक्षितता कशावर अवलंबून आहे, हा यापुढचा प्रश्न. बँकेतील ठेवीस जसे विम्याचे संरक्षण असते तसे रोख्यास नसते. महानगरपालिकांच्या रोख्यांसाठी 'सेबी'ने २०१५ मध्ये नियम केले. त्यांनुसार करादी उत्पन्नातून ठरावीक रक्कम एका राखीव खात्यात भरण्याची आणि व्याज व मुद्दल त्यातून भागविण्याची व्यवस्था केली जाते. म्हणजेच नागरिक घरपट्टी वेळेवर भरतात की नाही, यावर रोखेधारकाचे व्याज अवलंबून असते. एकाच घरातील व्यक्ती घरपट्टी थकवून रोख्यांवरील व्याजाची वाट पाहू लागली, तर ती आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत असते. अहमदाबाद महानगरपालिकेने १९९८ मध्ये राज्य शासनाच्या हमीविना १०० कोटी रुपयांचे रोखे काढले, तेव्हाही या विश्वासाचा पाया करवसुलीतील सुधारणा हाच होता.

रोखे मुदतीपूर्वी विकता येतात, कारण ते शेअरबाजारात नोंदविलेले आहेत. पण नोंदणी आणि विक्री या दोन वेगळ्या गोष्टी होत. अशा रोख्यांची रोजची उलाढाल थोडी असते. घाईने विकावयास गेल्यास गिऱ्हाईक मिळेलच असे नाही आणि मिळाल्यास भाव पडून मिळण्याचा संभव असतो. मुलीचे लग्न, घराचे काम किंवा शस्त्रक्रिया यांसाठी राखलेला पैसा अशा ठिकाणी गुंतवू नये.

दुसरी खतावणी : सूर्याचा हिशेब

आता दुसरी खतावणी उघडावी. सौर केंद्र रात्री चालत नाही आणि ढगाळ दिवशी मंद चालते. वर्षाच्या एकूण तासांपैकी सुमारे एक पंचमांश तासांइतकीच वीज ते पूर्ण क्षमतेच्या मानाने देते, असे साधारणपणे धरतात. या हिशेबाने ६० मेगावॉटचे केंद्र पूर्ण चालू असता वर्षाला सुमारे साडेदहा कोटी युनिट वीज देऊ शकेल. २४४ कोटी रुपयांत दहा हजारांचे २ लाख ४४ हजार वाटे पडतात. तेव्हा एका वाट्यास वर्षाकाठी सुमारे ४३० युनिट येतात. आपल्या देशातील विद्युत जाळ्यात एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे सातशे ग्रॅम कर्बवायू हवेत जातो. म्हणून एका वाट्यामुळे वर्षाला सुमारे ३०० किलो कर्बवायू वाचेल, असा अंदाज निघतो.

हा अंदाज वरच्या मर्यादेचा आहे. प्रकल्पाचा खर्च रोख्यांच्या रकमेपेक्षा जितका अधिक होईल, तितका रोखेधारकाच्या वाट्याचा लाभ कमी होईल, कारण उरलेला पैसा दुसऱ्या कोणी घातलेला असतो आणि श्रेयाचा वाटा त्याचाही असतो. केंद्र उभे राहण्यास विलंब झाल्यास तेवढ्या काळाचा लाभ शून्य धरावा लागतो. व्याज मात्र त्या काळातही सुरूच असते. आणखी एक गोष्ट आकड्यांवरूनच ध्यानात येते. मासिक २५ कोटी म्हणजे वर्षाचे ३०० कोटी रुपये. रोख्यांची सगळी रक्कम एका वर्षाच्या वीजबिलाहूनही कमी होती. तेव्हा या केंद्रामुळे बिलाचा काही हिस्सा कमी होईल, पण बिल नाहीसे होईल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

याहून अवघड प्रश्न असा की, सामान्य बचतदाराने पैसे दिले नसते तर हे काम झाले नसते काय? 'डबल ए' मानांकनाच्या महानगरपालिकेस बँकेचे कर्ज मिळणे अशक्य नव्हते. ज्या कामाला पैसा कोठूनही मिळाला असता, त्या कामात घातलेल्या पैशाने समाजाचे जादा हित किती साधले, हे प्रामाणिकपणे सांगणे कठीण आहे. याउलट, जेथे कोणतीही बँक जावयास तयार नसते, तेथे थोडा पैसाही मोठे काम करतो. मात्र तेथे धोकाही त्याच प्रमाणात वाढतो. इंदूरच्या बाबतीत जादा लाभ वेगळ्या ठिकाणी दिसतो. खुल्या विक्रीमुळे महानगरपालिकेला आपला जमाखर्च, कर्जे आणि प्रकल्पाचा तपशील माहितीपत्रकात छापून जनतेपुढे मांडावा लागला. नागरिकाच्या हाती असा दस्तऐवज येणे, ही लहान गोष्ट नव्हे.

बँक ज्या उंबरठ्यावर जात नव्हती

बँका ज्यांच्याकडे पाठ फिरवीत होत्या, अशांसाठी उभ्या राहिलेल्या एका संस्थेचा दाखला येथे देणे योग्य होईल. अहमदाबादेत १९७२ मध्ये इला भट्ट यांनी असंघटित क्षेत्रातील कष्टकरी स्त्रियांची 'सेवा' ही संघटना स्थापन केली. भाजी विकणाऱ्या, गाडे ओढणाऱ्या, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या या स्त्रिया भांडवलासाठी सावकारावर अवलंबून होत्या. बँकेच्या दारी त्यांना सही येत नाही, तारण नाही, अशी कारणे ऐकावी लागत. १९७४ मध्ये सुमारे चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःचीच सहकारी बँक काढली. सहीच्या अडचणीवर उपाय म्हणून खातेदार स्त्रीचे छायाचित्र उपयोगात आणण्यात आले.

दहा रुपयांचा तो भाग समाजहिताच्या गुंतवणुकीचा फार स्वच्छ नमुना आहे. गुंतविणारी, कर्ज घेणारी आणि लाभ मोजणारी व्यक्ती एकच होती. सावकाराचे देणे फिटले की नाही, हे सांगण्यास बाहेरचा तपासनीस लागत नव्हता. गुंतविणारा आणि लाभ घेणारा यांच्यातील अंतर जसजसे वाढते, तसतशी दुसरी खतावणी लिहिणे अवघड होत जाते.

वडोदऱ्याचा अनुभव

या अंतराचा विचार करताना वडोदऱ्याचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत, १८८९ मध्ये, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापन झाली. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात १९०४ मध्ये झाला. त्याच्या पंधरा वर्षे आधीची ही घटना आहे. 'अन्योन्य' म्हणजे परस्परांसाठी. सभासदांनी थोडी थोडी रक्कम साठवावी आणि अडीनडीला त्यातून एकमेकांस कर्ज द्यावे, ही कल्पना त्या नावातच आली होती. भारतातील सहकारी पतव्यवहाराचा आरंभ म्हणून या संस्थेचा उल्लेख होतो आणि बडोद्यातील मराठी समाजाला तिच्याविषयी स्वाभाविक अभिमान आहे.

मंडळीची पुढे बँक झाली, व्याप वाढला, सभासद एकमेकांस ओळखण्याचे दिवस गेले. शतकाहून अधिक काळ चाललेल्या या बँकेची आर्थिक स्थिती अखेर ढासळली. तिच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. त्या वेळी ठेव विम्याची मर्यादा एक लाख रुपये होती. सहकारी बँकांना विम्याचे हे छत्र १९७१ पासून लाभू लागले होते. मर्यादा पाच लाख रुपये झाली ती ४ फेब्रुवारी २०२० पासून.

संस्थापकांचा हेतू शुद्ध होता, याविषयी कोणीही शंका घेणार नाही. पण हेतूची पुण्याई एकशे एकोणीस वर्षे पुरत नाही. ठेवीदाराने दरवर्षीचा ताळेबंद मागून पाहणे, थकीत कर्जांचे प्रमाण विचारणे, वार्षिक सभेस उपस्थित राहणे ही कामे कंटाळवाणी खरी. तथापि 'आपल्या लोकांची बँक' या भावनेने ती टाळली जातात आणि टाळणारा सुशिक्षित असतो, हे विशेष. अशा संस्थांत गुंतविलेला पैसा समाजहिताचा असतो, म्हणूनच त्यावरील पहारा सैल असून चालत नाही.

पहिलीच खतावणी लिहिली, तेव्हा

वडोदऱ्यात पैशाची खतावणी बिघडली. हैदराबादेत २०१० मध्ये याच्या उलट घडले. तेथे पैशाची खतावणी उत्तम दिसत होती. बांगलादेशातील जोब्रा गावी १९७६ मध्ये महंमद युनूस यांनी गरीब स्त्रियांना विनातारण छोटी कर्जे देण्याचा प्रयोग आरंभिला होता आणि २००६ मध्ये त्यांना व त्यांच्या ग्रामीण बँकेस नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. हीच कल्पना आंध्र प्रदेशात फोफावली. राजधानी हैदराबाद हे सूक्ष्म कर्ज संस्थांचे मोठे केंद्र बनले. देशविदेशातील गुंतवणूकदारांनी 'गरिबी हटेल आणि परतावाही मिळेल' या विश्वासाने त्यांत पैसा घातला. २०१० च्या उन्हाळ्यानंतर तेथील एका मोठ्या संस्थेचे शेअर बाजारात आले, तेव्हा मागणी पुरवठ्याच्या कित्येक पट होती. कर्जवसुलीचे प्रमाण जवळजवळ शंभर टक्के दाखविले जात असे आणि तेच सामाजिक यशाचे प्रमाण मानले जाई.

त्या आकड्यामागे काय चालले होते, हे गावोगावच्या स्त्रियांना ठाऊक होते. एकाच स्त्रीला तीन-चार संस्थांची कर्जे दिली गेली होती. एकीचा साप्ताहिक हप्ता दुसरीच्या कर्जातून भागविला जात होता. व्याजाचे दर बहुधा वार्षिक चोवीस टक्के वा त्याहून अधिक होते. गटातील एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्या दारात बसत. आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या आणि लोकक्षोभ वाढला. ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य शासनाने वटहुकूम काढून या संस्थांच्या वसुलीवर कडक बंधने घातली. त्यानंतर त्या राज्यातील वसुली जवळजवळ ठप्प झाली. कर्जदारांची पत, संस्थांचे भांडवल आणि गुंतवणूकदारांचा पैसा ही तिन्ही एकदमच पोळली.

रिझर्व्ह बँकेने वाय. एच. मालेगाम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये आला आणि त्यावरून अशा संस्थांसाठी स्वतंत्र नियमावली झाली. २०२२ पासून तर एका कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असू नयेत, असा नियम आहे. दुसऱ्या खतावणीतील एक ओळ कायद्यात उतरली, ती इतकी किंमत मोजल्यानंतर. कर्ज दिले किती आणि वसूल झाले किती, हे संस्थेच्या आरोग्याचे माप आहे. कर्ज घेणाऱ्या घरात दोन वर्षांनी मिळकत वाढली की देणे वाढले, हे समाजहिताचे माप होय. गुंतवणूकदाराने विचारले असते, तर ही दोन मापे एक नव्हेत हे लवकर दिसून आले असते.

आरंभ कसा करावा

नव्या बचतदाराने प्रथम सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बँकेत सुरक्षित ठेवावी आणि महागडी कर्जे फेडून टाकावीत. यानंतर उरलेल्या बचतीचा लहानसा भाग, दहा रुपयांतील एखादा रुपया, या मार्गास लावावा. हा भाग काही वर्षे परत आला नाही तरी संसार अडू नये, इतका तो लहान असावा.

मग त्या रकमेचे दान करावयाचे की गुंतवणूक, हे ठरवावे. आपल्या देशात या दोहोंच्या सीमेवरचा एक नवा मार्गही निघाला आहे. २०१९ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेला आणि २०२२ मध्ये 'सेबी'च्या नियमांनी आकारास आलेला 'सोशल स्टॉक एक्स्चेंज' हा शेअरबाजाराचाच एक स्वतंत्र विभाग आहे. तेथे स्वयंसेवी संस्था 'शून्य व्याज, शून्य मुद्दल' असे रोखे काढू शकतात. नावातच सारे आले. हा पैसा परत येत नाही, तो दानच होय. फरक इतकाच की, संस्थेची नोंदणी व छाननी झालेली असते आणि दरवर्षी झालेल्या कार्याचा अहवाल देण्याचे बंधन तिच्यावर असते. म्हणजे पहिली खतावणी मुद्दाम मिटवून दुसरी सक्तीने लिहावयास लावली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये युवकांना रोजगाराचे प्रशिक्षण देणाऱ्या बंगळूरच्या उन्नती फाउंडेशनचे असे रोखे देशात प्रथम नोंदविले गेले. किमान अर्जाची रक्कम आरंभी दोन लाख रुपये होती. २०२३ मध्ये ती दहा हजारांवर आणि २०२५ मध्ये एक हजार रुपयांवर आणण्यात आली. व्याजाच्या आशेने या रोख्यांकडे कोणी वळू नये.

सामाजिक उद्योगांत भांडवल घालणारे 'सोशल इम्पॅक्ट फंड'ही आहेत. पण अशा निधींत सामान्यतः किमान एक कोटी रुपयांची गुंतवणूक लागते, म्हणून येथे त्यांचा केवळ उल्लेख पुरे. शेतकऱ्यास वा छोट्या उद्योजकास मंचाद्वारे थेट कर्ज देण्याची सोय २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली झाली आहे. त्यात एका व्यक्तीने एका कर्जदारास ५० हजार रुपयांहून अधिक देता येत नाहीत. मंच मध्यस्थ असतो, हमीदार नसतो. कर्जदार बुडाला तर तोटा सर्वस्वी कर्ज देणाऱ्याचा. हा मार्ग निवडणाऱ्याने रक्कम अनेक कर्जदारांत विभागून द्यावी.

रोखे घेण्यासाठी डीमॅट खाते लागते. ते उघडल्यावर माहितीपत्रक मिळवून निदान तीन प्रकरणे वाचावीत : पैसा कशासाठी लागणार, परतफेड कोणत्या उत्पन्नातून होणार आणि धोके कोणते. शेवटचे प्रकरण लांबलचक व रूक्ष असते आणि बहुतेक जण ते वगळतात. खरी माहिती तेथेच असते.

संस्थेवर देखरेख कोणाची, हे विचारण्यास संकोच करू नये. बेळगाव भागातील सौहार्द सहकारी संस्था असोत, गोव्यातील वा इतरत्रच्या पतसंस्था असोत, त्या सहकार कायद्याखाली नोंदविलेल्या असतात. त्या बँका नव्हेत. त्यांतील ठेवींना पाच लाखांच्या ठेव विम्याचे संरक्षण नाही. नावात 'बँक' हा शब्द वापरणाऱ्या सहकारी पतसंस्थांविषयी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर सावधगिरीची सूचना दिली होती. यांपैकी कित्येक संस्था चोख चालतात आणि गावाच्या गरजा भागवितात. तथापि, विमा नसलेल्या ठिकाणी सभासदाचे डोळे हाच विमा असतो. अनाथालय, गोशाळा किंवा सौरऊर्जा यांचे नाव पुढे करून बाजारभावापेक्षा दुप्पट परताव्याचे आमिष दाखविणाऱ्या योजना तर उघडच संशयास्पद होत. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ मध्ये झालेला असून, अशा योजनेची माहिती रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर देता येते. शेअरबाजारात नोंदलेल्या रोख्यांविषयीची तक्रार 'सेबी'च्या 'स्कोअर्स' व्यवस्थेकडे करावी.

एवढे झाल्यावर घरातील हिशेबाच्या वहीत समोरासमोर दोन पाने आखावीत. डाव्या पानावर गुंतविलेली रक्कम, सहामाही व्याज, परत आलेले मुद्दल आणि कर. उजव्या पानावर त्या पैशाने काय होणार असे सांगितले होते, ते आरंभीच शब्दशः उतरून ठेवावे. कारण दोन वर्षांनी आश्वासनाचे शब्द बदललेले आढळतात. त्याखाली दरवर्षी प्रत्यक्ष काय झाले ते लिहावे. ते कळण्यासाठी वर्षातून एक पत्र लिहिणे पुरेसे आहे. इंदूरच्या रोखेधारकाने महानगरपालिकेस विचारावयाचे प्रश्न साधे आहेत : गेल्या वर्षी जलूदच्या सौर केंद्राने किती युनिट वीज दिली, पंपांनी एकंदर किती वीज वापरली, बिल किती रुपयांनी उतरले आणि रोख्यांच्या रकमेपैकी किती खर्च होऊन किती शिल्लक आहे. उत्तर आले तर उजव्या पानावर आकडे चढवावेत. न आल्यास पत्राची तारीख लिहून पुढची जागा मोकळी सोडावी आणि पुढील रोखे विक्रीस निघतील तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी ते पान उघडून पाहावे.